रिसायकल केलेल्या कापडातून स्विमसूट शिवायचा तर

कपाटातला जुना स्विमसूट आधी बाहेर काढा. सीटच्या जागी कापड दोन्ही अंगठ्यांत धरा आणि उजेडासमोर ताणून बघा. बारीक कुरकुर ऐकू येते का? कापडातून केसांसारखे पांढरे तंतू वर आलेत का? सोडल्यावर कापड जागच्या जागी न जाता लोंबत राहतं का? तसं असेल तर त्यातलं इलास्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा तंतू, संपलं. बाकीचं नायलॉन मात्र अजून ठणठणीत असतं. ते पुढची कित्येक वर्षं तसंच राहील, कचऱ्यात गेलं तरी.

हे आधीच सांगते, कारण रिसायकल कापड म्हटलं की सगळं लक्ष धागा कुठून आला याकडे जातं: मासेमारीची जाळी, बाटल्या, जुने गालिचे. ते बघायचंच. पण स्विमसूट मरतो तो कापडातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्यामुळे, म्हणजे इलास्टेनमुळे, आणि तो हिस्सा बहुतेक वेळा नवाकोराच असतो. कचऱ्यातून आलेल्या धाग्याचा सूट वर्षभरात सैल होऊन परत कचऱ्यात गेला, तर आपण फक्त एक फेरी मारून आलो. म्हणून इथे कापडाच्या निवडीइतकीच जागा इलॅस्टिक, टीप आणि धुण्याला दिली आहे. साध्या मशीनवर झिगझॅग टीप मारता येत असेल तर एवढ्यावर सुरुवात करता येते.

पहिली पायरी: नायलॉन की पॉलिएस्टर

स्विमसूटचं रिसायकल कापड मुख्यतः या दोन घराण्यांतलं असतं, आणि दोघांची कहाणी वेगळी आहे.

नायलॉन ६ हे कॅप्रोलॅक्टम या एकाच रेणूची माळ ओवून बनतं. पाउल श्लाक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये ते पहिल्यांदा तयार केलं. एकाच जातीचे मणी असल्यामुळे ही माळ सोडवता येते. जुनी जाळी किंवा गालिच्यातलं नायलॉन स्वच्छ करायचं, रासायनिक प्रक्रियेने त्याचं परत कॅप्रोलॅक्टम करायचं, ते शुद्ध करायचं आणि पुन्हा ओवायचं. रंग, मीठ, शेवाळ सगळं मागे राहतं, आणि निघालेला धागा नव्याच्या तोडीचा असतो. या कामातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे इकोनिल. ॲक्वाफिल या इटालियन कंपनीने ते २०११ मध्ये आणलं, आणि माळ सोडवण्याचं काम स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानाच्या कारखान्यात चालतं. ॲक्वाफिल धागा बनवते, कापड दुसरे गिरणीवाले विणतात. उदाहरणार्थ, कार्व्हिको या इटालियन कंपनीचं व्हिटा हे कापड: ७८ टक्के इकोनिल नायलॉन, २२ टक्के इलास्टेन. घरगुती शिवणाऱ्यांत ते बरंच वापरलं जातं.

पॉलिएस्टरची वाट सरळ आहे. पाण्याच्या बाटल्या धुऊन त्यांचे तुकडे करतात, ते वितळवून दाणे आणि दाण्यांपासून धागा ओढतात. युनिफाय या अमेरिकन कंपनीचा रिप्रीव्ह हा धागा असाच. इथे मणी सुटे होत नाहीत, माळ आहे तशी वितळते, त्यामुळे फेरीगणिक प्रत थोडी उतरू शकते. आणि मला स्वतःला खटकणारी एक गोष्ट: बाटलीपासून पुन्हा बाटली होऊ शकते. तिचं इलास्टेनमिश्रित कापड झालं की तो रस्ता जवळजवळ बंद होतो. त्यामुळे "अमुक इतक्या बाटल्या वाचवल्या" असं वाचलं की मी फार भारावून जात नाही.

मग निवडायचं काय? तुम्ही रोज तलावात, क्लोरीनच्या पाण्यात पोहत असाल तर पॉलिएस्टर. क्लोरीनला ते नायलॉनपेक्षा चांगलं तोंड देतं, रंग टिकतो, पाणीही कमी धरतं. हवेतला ओलावा शोषण्यात नायलॉन सुमारे ४ टक्क्यांवर असतं, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याच्याही आत. सुट्टीत समुद्रावर जाणं, अधूनमधून पोहणं एवढंच असेल तर नायलॉन घ्या. ते अंगाला मऊ लागतं, बसतंही छान. उष्णतेने कागदावरून उतरवायची छपाई करायची असेल तर पॉलिएस्टरच लागेल, नायलॉनवर ती नीट बसत नाही.

रोज तासभर सराव करणाऱ्यांसाठी पॉलिएस्टर आणि पीबीटी यांच्या मिश्रणाचं कापड मिळतं. त्यात इलास्टेन नसतंच. पीबीटी ही पॉलिएस्टरचीच स्वभावतः ताणली जाणारी बहीण. असं कापड अंगावर थोडं कडक वाटतं, पण क्लोरीनपुढे टिकण्यात त्याचा हात धरणारं दुसरं नाही. रिसायकल धाग्याचं मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं आणि पोहणं रोजचं असेल, तर नव्या धाग्याचं पीबीटी घ्यायला मी कचरणार नाही. चार वर्षं चालणारा नवा सूट हा दरवर्षी बदलाव्या लागणाऱ्या रिसायकल सूटपेक्षा मला परवडतो.

दुसरी पायरी: कागद वाचा

रिसायकल नायलॉन आणि नवं नायलॉन हाताला सारखंच लागतं, डोळ्यांना सारखंच दिसतं. जाळून बघितलं तरी दोन्ही सारखंच वितळतं. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर किंवा लेबलावरच्या हिरव्या पानावर भिस्त ठेवू नका. तीन गोष्टी विचारा.

एक, घटकांची टक्केवारी. "इको फॅब्रिक" हे उत्तर झालं नाही. "७८ टक्के रिसायकल्ड पॉलिअमाइड, २२ टक्के इलास्टेन" हे उत्तर झालं. पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनच. आणि स्पँडेक्स, इलास्टेन ही एकाच तंतूची नावं. लायक्रा हा त्याचाच एक ब्रँड. हा तंतू १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. ताणल्या जाणाऱ्या कापडावर कोणी "शंभर टक्के रिसायकल्ड" लिहिलं असेल, तर इलास्टेनचं काय, एवढंच विचारा. पुढचं संभाषण आपोआप उलगडतं.

दोन, प्रमाणपत्र. ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड, म्हणजे जीआरएस, हे टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेचं मानक. उत्पादनावर त्याचा शिक्का लावायला किमान ५० टक्के रिसायकल घटक लागतो, आणि त्यात रसायनं, सांडपाणी, कामगारांची परिस्थिती याही गोष्टी तपासल्या जातात. त्याच संस्थेचं आरसीएस, म्हणजे रीसायकल्ड क्लेम स्टँडर्ड, हे मानक फक्त रिसायकल घटकाचा माग ठेवतं आणि ५ टक्क्यांपासून सुरू होतं. दोन्ही नावं सारखी वाटतात, पण त्यांच्यात बराच फरक आहे. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे तिसरंच प्रकरण. ते कापडात अंगाला अपायकारक रसायनं नाहीत एवढंच सांगतं. धागा कुठून आला याच्याशी त्याचा संबंध नाही. कपडा दिवसभर ओल्या अंगाला चिकटणार असल्यामुळे ते असलेलं बरं, पण त्याला रिसायकलचा पुरावा समजू नका.

तीन, "समुद्रातलं प्लास्टिक" म्हणजे नक्की काय. पुष्कळदा त्या जाळ्या मासेमारी आणि मत्स्यशेतीवाल्यांकडून, वापर संपल्यावर किनाऱ्यावरच गोळा केलेल्या असतात, आणि सोबत गालिच्यांचे धागे, कारखान्यात उरलेले तुकडे असतात. यात वाईट काही नाही. पाण्यात जाण्याआधीच जाळी उचलली हे चांगलंच. फक्त लेबलावर पोहणारं कासव काढलं म्हणून पाणबुड्यांनी ते जाळं तळातून काढलं असं समजू नका.

तिसरी पायरी: नमुना मागवा आणि त्याचे हाल करा

एकदम दोन मीटर कापड घेऊ नका. हातभर तुकडा पुरतो.

तुकड्यावर आडव्या दिशेने पेनाने बरोबर १० सेंटीमीटरवर दोन खुणा करा. पट्टीवर धरून ताणा. सहज १५ सेंटीमीटरपर्यंत गेलं पाहिजे. उभ्या दिशेनेही हेच करा, तिकडे थोडं कमी चालतं. मग वीस-पंचवीस वेळा सलग ताणून सोडा, पाच मिनिटं टेबलावर पडू द्या आणि खुणांमधलं अंतर परत मोजा. १० आलं तर छान. साडेदहा आलं तर ते कापड परत पाठवा, कितीही सुंदर रंग असला तरी. ताणलं जाणं सोपं असतं, परत येणं अवघड.

त्यानंतर तुकडा भिजवा आणि हाताच्या पंजावर पसरा. नखांच्या कडा दिसतायत का? फिकट रंगांची पोल इथेच उघडी पडते. पांढरा, पिवळा, फिकट गुलाबी घ्यायचाच असेल तर पूर्ण अस्तर धरूनच हिशेब करा. वजन प्रति चौरस मीटर १८० ते २२० ग्रॅमच्या दरम्यान असलं की बहुतेक सूट नीट होतात. त्याहून पातळ कापड अस्तराला ठेवा.

मी एकदा एकाच कापडाचे दोन तुकडे पोहायच्या पिशवीला पिनेने लावले होते. महिनाभर दोन्ही माझ्यासोबत तलावात भिजत होते. एक दर वेळी नळाखाली खळखळून धुतला, दुसरा तसाच ओला पिशवीत कोंबला. महिन्याअखेर न धुतलेल्या तुकड्याचा निळा रंग राखाडीकडे झुकला होता, आणि ताणून सोडला की तो विचार करत करत परत येत होता. धुतलेला चट्कन. हा प्रयोग फुकटचा आहे, जरूर करा.

चौथी पायरी: बाकीचं सामान

इथे नवशिके हमखास फसतात. मीही फसले. पहिला सूट शिवला तेव्हा घरात होता तो सुती दोरा वापरला आणि साधी सरळ टीप मारली. आरशासमोर घालताना पायाच्या घेरापासून कंबरेपर्यंत टक्-टक्-टक् करत सगळी टीप उसवली. पाण्यात उतरायच्या आत झालं, हेच नशीब.

दोरा पॉलिएस्टरचाच. रिसायकल पॉलिएस्टरचा दोराही मिळतो आणि तो साध्या दोऱ्याइतकाच मजबूत असतो. अंगाला लागणाऱ्या बाजूला, म्हणजे ओव्हरलॉकच्या (कडा कापत शिवणाऱ्या मशीनच्या) खालच्या दोऱ्यांसाठी, फुलवलेला मऊ नायलॉनचा दोरा लावला तर काचत नाही.

इलॅस्टिक खास स्विमवेअरचं घ्या: रबराची सपाट पट्टी किंवा क्लोरीनला टिकणारं, ६ ते १० मिलिमीटर रुंदीचं. घागऱ्याला, पायजम्याला घालतो ते विणलेलं इलॅस्टिक पाण्यात ढिलं पडतं. हूक आणि कड्या प्लॅस्टिकच्या किंवा गंज न धरणाऱ्या असाव्यात. जुन्या सूटच्या कड्या सहसा धडधाकट असतात, त्या काढून घ्या. अस्तरासाठीही रिसायकल पॉलिएस्टरची पातळ ताणाची जाळी मिळते. अस्तराचा ताण वरच्या कापडापेक्षा कमी नको, नाहीतर सूट अस्तरावरच अडकतो.

पाचवी पायरी: मापं आणि बेतणं

पहिलाच प्रयत्न असेल तर एकसंध सूट नको, खालचा भाग, म्हणजे ब्रीफ शिवा. कापड कमी लागतं, शिवणी तीन, आणि इलॅस्टिक लावायचा हात त्यावर बसतो.

जुन्या सूटवरून माप उचलायचा मोह होईल. टाळा. तो सूट वापरून वाढलेला असतो, त्याची नक्कल जन्मतःच सैल होईल. अंगाचं माप घ्या: छाती, कंबर, सीट. एकसंध सूट करणार असाल तर चौथं माप सगळ्यात महत्त्वाचं आहे. खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून, मागून वर, परत त्याच खांद्यापर्यंत. हे माप चुकलं की सूट खांद्यात काचतो किंवा पोटावर चुण्या पडतात, आणि कितीही उसवलं तरी सुधारत नाही.

स्विमसूट अंगापेक्षा लहान बेततात. ताणाच्या कापडावर आडव्या मापात साधारण दहा टक्के कमी धरून सुरुवात करा. तयार पॅटर्न घेतला असेल तर ही घट त्यात धरलेली असते, परत कमी करू नका.

कापड रात्रभर टेबलावर सैल पडू द्या. गुंडाळीतून काढल्या काढल्या बेतलं तर ते नंतर आक्रसतं. जास्त ताणाची दिशा अंगाभोवती आडवी आली पाहिजे. कापड टेबलाखाली लोंबू देऊ नका, लोंबणारा भाग वरच्यालाही ओढतो. टाचण्यांऐवजी वजनं ठेवा आणि गोल फिरत्या कटरने कापा. कात्रीने कापलंत तर पाती कापडातून उचलू नका. टाचण्या लावायच्याच असतील तर शिवणीच्या मायेत, म्हणजे टिपेबाहेरच्या कापडाच्या पट्टीत, लावा. माया ६ मिलिमीटर पुरते, मात्र पहिल्या खेपेला १ सेंटीमीटर सोडा, चुका दुरुस्त करायला जागा राहते.

पुढचा आणि मागचा भाग एकमेकांत उलटे बसवून बघा. ब्रीफच्या मागच्या भागाचा बाक पुढच्याच्या खोबणीत बसतो आणि बरंच कापड वाचतं. उरलेल्या पट्ट्या बंदांना लागतात.

सहावी पायरी: टीप आणि इलॅस्टिक

स्ट्रेच सुई, ७५ नंबरची, नवीन. टीप सुटायला लागली तर दोऱ्याचा ताण बदलत बसण्याआधी सुई बदला, दहातल्या आठ वेळा दोष तिचाच असतो. ओव्हरलॉक मशीन असेल तर चांगलंच. नसेल तर अरुंद झिगझॅग टीप मारा, आणि मायेवर रुंद झिगझॅगची दुसरी ओळ. कापड मशीनच्या दातांत ओढलं जात असेल तर खाली पातळ कागद ठेवा, शिवून झाल्यावर फाडून टाका. खरी परीक्षा: शिवण दोन्ही हातांनी पूर्ण ताणा. आवाज आला तर उसवा.

इलॅस्टिक लावणं मात्र सावकाश. पायाचा घेर मोजा, इलॅस्टिक त्याच्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी घ्या, टोकं सेंटीमीटरभर एकमेकांवर चढवून पक्की करा. आता ते सगळीकडे सारखं ताणायचं नाही. पुढच्या बाजूला, जांघेपाशी, जवळजवळ न ताणता लावा. सगळी ओढ मागच्या बाकावर द्या, म्हणजे सूट सीटखाली नीट धरून बसतो आणि पोहताना वर सरकत नाही. उलट्या बाजूला, कडेला लावून, झिगझॅगने जोडा, मग आत दुमडून वरून दुसरी झिगझॅग टीप. ओव्हरलॉकने जोडलं तर काम झटपट होतं, पण मी इथे मुद्दाम झिगझॅगच मारते. दोन वर्षांनी इलॅस्टिक आधी गेलं आणि कापड चांगलं राहिलं, तर टीप उसवून नवी पट्टी तासाभरात घालता येते. ओव्हरलॉक उसवताना कापडच फाटतं.

इस्त्री नकोच. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, इलास्टेन त्याच्या बरंच आधी खराब होतं. दुमड बोटाने दाबून बसवा.

सातवी पायरी: वापर

घालून बघताना नुसतं उभं राहू नका. बसा, वाका, दोन्ही हात डोक्यावर न्या. मग शॉवरखाली भिजून परत तेच करा.

पाण्यात उतरण्याआधी सूट साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. बाहेर आल्यावर लगेच खळखळा. हाताने, गार पाण्यात, थोड्या सौम्य साबणाने धुवा. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, आणि सावलीत पसरून वाळवायचं. कपडे मऊ करणारं द्रव आणि ड्रायर दोन्ही वर्ज्य. अंगाला सनस्क्रीन लावलं तर ते मुरल्यावरच सूट घाला, त्यातलं तेल इलास्टेनला बाधतं. गरम पाण्याच्या टबात बसायचं असेल तर जुना सूट घाला. उष्णता आणि रसायनं एकत्र आली की इलास्टेन लवकर हार मानतं. खरखरीत काँक्रीटवर बसताना खाली टॉवेल टाका.

आणि एक कटू गोष्ट: धागा रिसायकल असो की नवा, धुताना त्यातून सूक्ष्म तंतू सुटतात, ते प्लास्टिकच असतं. हाताने हळुवार धुतल्याने ते कमी सुटतात. मशीनमध्ये टाकायचाच असेल तर तंतू अडवणाऱ्या बारीक जाळीच्या पिशवीत घालून टाका.

विकायचा विचार असेल तर

मैत्रिणी मागू लागतात, मग चार सूट विकले जातात. लेबलावर तेव्हा टक्केवारी लिहा, "पर्यावरणपूरक" लिहू नका. जीआरएस प्रमाणित कापड वापरलं असलं तरी त्याचा शिक्का स्वतःच्या सूटवर लावता येत नाही. त्यासाठी साखळीतल्या प्रत्येक दुव्याचं, म्हणजे तुमचंही, प्रमाणपत्र लागतं. आणि सूट संपल्यावर तो रिसायकल होईल असं आश्वासन देऊ नका. नायलॉन आणि इलास्टेन एकदा एकत्र विणले की वेगळे करणं फार अवघड, सर्वसाधारण कचरा व्यवस्थेत ते होत नाही. इलॅस्टिक बदलून देऊ, एवढं लिहिलंत तर ते तुम्हाला पाळता येईल.

शेवटी एक छोटी सवय. सूट तयार झाला की अस्तराच्या आतल्या बाजूला, न पुसल्या जाणाऱ्या पेनाने महिना, वर्ष आणि कापडाचं नाव लिहा. सीटवर अंगठ्यांनी ताणायची ती सुरुवातीची परीक्षा दर सहा महिन्यांनी घ्या. ज्या दिवशी कुरकुर ऐकू येईल, त्या दिवशी अस्तरावरची तारीख बघा, आणि पुढचं कापड मागवताना ती समोर ठेवा.